लाल ठिपक्याची काडतुसं

११ मार्च

आर्डिसने ही वही आणून माझ्यापुढे टाकली. म्हणे, "रोज काहीबाही लिहीत जा. बरं पडेल तुला." मी म्हटलं, चौऱ्याहत्तर वर्षं झाली, वहीवाचून माझं काही अडलेलं नाही. तर म्हणाली, "मग माझ्यासाठी लिही." माझ्या बायकोशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, तेव्हा लिहितो.

लिहायचं ते हे, की माझी काडतुसं बिघडलीत. शनिवारी ड्वेनबरोबर चांदमारीवर गेलो होतो. पाच गोळ्या झाडल्या आणि पाची हाताच्या पंजाएवढ्या जागेत विखुरल्या. मी भरलेल्या काडतुसांच्या. ह्या गावात लोक दुकानातलं काडतूस परवडतं म्हणून घेतात आणि माझं मिळालं तर जपून ठेवतात, कारण माझ्या पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातात. ड्वेन शेजारी आणि शाळेपासूनचा दोस्त, तो कसला गप्प बसतोय. दुर्बिणीतून बघून म्हणाला, "मिल्ट्या, गोळ्या झाडल्यास की कोंबड्यांना दाणे टाकलेस?"

दोष बारूद तोलायच्या काट्याचा आहे. दांडीचा काटा सासऱ्याच्या वेळचा, झिजला असणार. बारूद चिमूटभर इकडेतिकडे झालं की गोळी भरकटतेच. नवा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. आर्डिस म्हणाली, "तो काटा कालपर्यंत चांगला होता की." मी म्हटलं, जन्मभर धान्यकोठीवर गव्हाचे ट्रक तोललेत मी, काटा कधी म्हातारा होतो ते मला कळतं. तिने माझा स्वेटर काढून पुन्हा घातला. उलटा घातला होता म्हणे मी.

२४ मार्च

नवा काटा आला. दिसायला देखणा आणि अंगाने चुळबुळ्या. काही न ठेवता आकडे आपोआप चढतात-उतरतात. तळघरात दोन तास डोकं खाजवलं तेव्हा कळलं, वरची ट्यूबलाइट त्याला सोसत नाही आणि घर गरम करणाऱ्या भट्टीची हवा भिंतीतल्या भोकातून थेट त्याच्यावर येते. साधा दिवा लावला, भोकावर पुठ्ठा ठोकला, तेव्हा कुठे महाराज स्थिर झाले.

मग काटा तपासायचं पितळी वजन सापडेना. सगळं तळघर पालथं घातलं. शेवटी मिळालं कुठे, तर स्वयंपाकघरात साखरेच्या भांड्यात. मी आर्डिसवर ओरडलो. ती म्हणाली, "हो रे, मीच ठेवलं असेन. आजकाल माझं लक्षच नसतं." वय होतंय तिचं. मी उगाच ओरडलो.

१५ एप्रिल

काडतुसं दाबून भरायचं नवं प्रेस आलं. चांगलं वजनदार, ओतीव लोखंडाचं, एका वेळी एकच काम करणारं. हल्लीची पोरं एका दांड्यात चार कामं करणारी यंत्रं घेतात. त्यांना काडतुसं भरायची नसतात, भरून मोकळं व्हायचं असतं. नेमकं काडतूस पाहिजे तर एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, हातात घ्यायची आणि तिचंच होऊन राहायचं.

आज नवल घडलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, आर्डिस तळघरात यायची ती कपडे धुवायला. आज आपणहून माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. "मला सगळं दाखव," म्हणाली. मी म्हटलं, आता काय म्हातारपणी शिकारीला निघालीस? तर म्हणाली, "तू इतका वेळ इथे काय करतोस ते तरी कळू दे."

मग काय, माझी गाडी सुटली. रिकामी पुंगळी साच्यात दाबून मूळ आकारावर आणायची, बुडात ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, बारूद तोलून ओतायचं, वर गोळी दाबायची. टेबलावर बारुदाचा डबा एकच, दुसरा असला की घात झालाच समज. सांडलेलं, मिसळलेलं बारूद परत डब्यात जात नाही, ते बागेत मातीत टाकायचं, खत होतं त्याचं. आणि गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

"एखादीत बारूद घालायचंच राहिलं तर?" तिने विचारलं.

"दोनदा घातलं तर सांडतं, लगेच कळतं. राहिलेलं कळत नाही. टोपी उडते, तेवढ्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज येतो फुसका. तो ओळखला नाही आणि वर दुसरी झाडली, की बंदूक तोंडावर फुटते."

"आणि भरून झाल्यावर शंका आली तर?"

"गोळी उपसायचा हातोडा असतो. काडतूस त्यात अडकवायचं आणि फरशीवर ठोकायचं. गोळी आणि बारूद बाहेर. पण मला कधी लागला नाही तो."

"कुठेय?"

"असेल कुठेतरी. तुला काय करायचाय?"

"उगाच विचारलं," म्हणाली. मग मी भरून ठेवलेल्या काडतुसांची पाटी मांडीवर घेतली आणि एकेक काडतूस कानाशी धरून हलवत बसली. मला हसू आलं. अंडी निवडतेय जशी.

२६ एप्रिल

दुपारी झोपलो की तळघरातून ठक-ठक ऐकू येतं. आज विचारलं तर म्हणाली, कपड्यांच्या खोलीतली खुर्ची हलतेय, ठोकतेय. पूर्वी असली कामं माझ्याकडे यायची. म्हटलं, मी करतो. तर म्हणाली, "तू झोप रे. एवढं मला येतं."

आणखी एक खूळ काढलंय. काडतुसांच्या बुडाला, टोपीवर, नेलपॉलिशचा लाल ठिपका लावते. म्हणे टोपीला दमट हवा लागत नाही. आता हे खरं आहे, जुने लोक लावायचे, मीच तिला केव्हातरी सांगितलं असणार. पण आर्डिस ल्युथरन पंथाची सरळमार्गी बाई, जन्मात कधी नखं रंगवली नाहीत. बाटली आणली कुठून कोण जाणे. मी भरून पाटीवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती ठिपके लावून डब्यात घालते. लावू दे. एकत्र काम होतंय, मला आवडतं.

४ मे

दुकानवाल्यांनी आणखी एक प्रेस पाठवलं. हुबेहूब तेच. माणसांना वेड लागलंय, एकदा मागवलेलं दोनदा पाठवतात. मी फोन करून हजेरीच घेणार होतो, पण आर्डिसने फोन हातातून घेतला आणि बाहेर जाऊन बोलली. परत पाठवलं म्हणे. फार मऊ बोलते ती लोकांशी, म्हणून लोक शेफारतात.

१९ मे

नाण्याखाली. पाची. पुन्हा पाच झाडल्या, त्याही नाण्याखाली.

ड्वेन कागदाकडे बघतच राहिला. मार्चमध्ये मला म्हणाला होता, "नाचता येईना अंगण वाकडं." आज म्हटलं, आता बोल. अंगणच वाकडं होतं, मी ते सरळ केलं. काटा बदलला, प्रेस बदललं, हवा बंद केली. हत्यार नीट असलं की हात आपोआप नीट चालतो.

घरी येऊन कागद आर्डिसपुढे धरला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. बायकांना आनंदातही रडू येतं. मी म्हटलं, अगं, पाच भोकं आहेत कागदाला, त्यात रडायचं काय. तर म्हणाली, "छान आहेत भोकं."

१२ जून

नेमबाजी क्लबाच्या सामन्यात पहिला आलो. बक्षीस म्हणजे चर्चच्या बायकांनी गोड सारण भरून भाजलेला 'पाय', आणि तो केला होता आर्डिसनेच. ड्वेन म्हणाला, "म्हणजे हिने भाजायचं आणि ह्याने जिंकून परत घरी न्यायचं. धंदा बरा आहे तुमचा."

बागेतलं रुबार्ब, पायात घालायचं ते आंबट देठांचं झुडूप, ह्या वर्षी कंबरेएवढं आलंय. ड्वेनच्या घोड्यांची लीद मी टाकली होती, त्याची करामत. आर्डिसला म्हटलं तर हसली.

डावा हात दुखतो म्हणते. दिवसभर ठोकाठोक आणि शिवण चालू असल्यावर दुखेल नाही तर काय. मलम चोळून दिलं.

९ जुलै

आर्डिस गेली. सकाळी रुबार्बच्या वाफ्यात होती. मी खिडकीतून बघितलं तर आडवी दिसली. मला वाटलं, काहीतरी शोधतेय.

१५ जुलै

काल पुरलं. मुलगी जनेल बिलिंग्जहून आली आहे. चर्चच्या तळघरात हॅम घातलेले बन आणि कॉफी. लोक येऊन हात हातात घेत होते आणि मी प्रत्येकाला विचारत होतो, आर्डिसला पाहिलंत का, तिला सांगायचंय तुम्ही आलात म्हणून. जनेलने मला बाजूला नेलं. म्हणाली, "बाबा, बसा जरा." मला एकदम आठवलं. एकाच दिवसात किती वेळा मरते माणसाची बायको.

ड्वेन दिवसभर माझ्या शेजारी टोपी हातात धरून बसला होता.

३ सप्टेंबर

मध्ये लिहिलं नाही. कोणासाठी लिहायचं?

जनेल दर रविवारी फोन करते. तिच्याकडे राहायला चला म्हणते. मुलगी माझी एकुलती एक, बारा वर्षांची होती तेव्हापासून दर हिवाळ्याआधी माझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला येते आणि बापाने भरलेलं काडतूसच वापरते. मी म्हटलं, हंगाम होऊ दे, तुझी काडतुसं भरून दे म्हणशील की नाही? मग म्हणाली, "भरा बाबा. तुम्हाला बरं वाटेल."

आज खाली उतरलो. टेबलावर धूळ बसली होती. दुपारी झोपलो तर झोप येईना. घर नुसतं गप्प पडलंय, ठक-ठक नाही काही नाही. ती खुर्ची आता नीट झाली असणार.

११ ऑक्टोबर

जनेलसाठी डबा भरून झाला. चांदमारीवर नेऊन तपासावं असं दरवर्षी करतो, पण ड्वेनने दोनदा बोलावलं तरी मन होत नाही. तपासायचं काय, काटा तोच, प्रेस तेच.

हात मध्येच थांबतो. पुंगळी हातात धरून बसतो आणि आर्डिसच्या स्टुलाकडे बघतो, मग कुठवर आलो होतो ते बघून पुढे चालू करतो.

संध्याकाळी जनेलला फोनवर सांगितलं, झाली तयार. तिने पहिलं काय विचारावं? "लाल ठिपका आहे ना त्यांच्यावर?"

मी म्हटलं, ते तुझ्या आईचं खूळ होतं.

"असू दे. आई म्हणायची, लाल ठिपक्याचीच वापर. मला तशीच हवीत, बाबा."

पोरीचा आईवर जीव होता. मग बाटली शोधली. धुण्याच्या साबणाशेजारी होती. एकेक काडतूस उलटं धरून ठिपका लावला. तिचे ठिपके कसे बारीक आणि गोल असायचे, टोपीच्या बरोब्बर मध्यावर. माझे कडेला ओघळले. झाकण उघडल्यावर जो वास आला, तो मे महिन्यातल्या तळघराचा वास होता. मी तिथेच रडलो. मग उरलेल्यांना ठिपके लावले.

२६ ऑक्टोबर

झोपायच्या आधी लिहितो. आज नाही लिहिलं तर उद्या राहणार नाही.

हंगामाचा पहिला दिवस. जनेल आणि मी नेहमीच्या टेकाडावर. उजाडल्यावर खालच्या ओहोळातून एक चांगला नर वर आला आणि आडवा उभा राहिला. जनेलने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला.

फुस्स.

नर कान हलवून तिथेच उभा. मी म्हटलं, "मार, दुसरी मार, उभा आहे अजून." मी म्हटलं हे. माझ्या तोंडाने. बारा वर्षांच्या पोरीला ज्याने शिकवलं की फुसका आवाज आला तर बोट काढ, त्याच तोंडाने.

जनेलने बोट काढलं. बोल्ट मागे ओढला, पुंगळी काढली, बंदूक आभाळाकडे धरून नळीतून बघितलं. मग माझ्याकडे दिली. नळीत उजेड नव्हता. गोळी अर्ध्यावर अडकून बसली होती.

आम्ही ट्रकमध्ये येऊन बसलो. थर्मासमधली कॉफी तिने ओतली पण कोणी प्यायली नाही. तिने डबा उघडून एक काडतूस काढलं आणि लाल ठिपक्यावर अंगठा फिरवत बसली. म्हणाली, "हा आईने लावलेला नाही."

"मी लावला. तू मागितलास ना."

ती रडायला लागली. "बाबा, आईने एप्रिलमध्ये फोन केला होता. म्हणाली, इथून पुढे बाबांच्या काडतुसांतली लाल ठिपक्याचीच वापर, बाकीची त्यांना कळू न देता बाजूला ठेव. आणि का ते विचारू नकोस. मी नाही विचारलं. मला वाटलं दमट हवेचं काहीतरी असेल. खरं म्हणजे मला विचारायचंच नव्हतं."

मी म्हटलं, टोपी खराब निघाली असेल. हल्ली माल चांगला येत नाही. तिने आर्डिससारखंच माझ्या जाकिटाची चेन लावून दिली.

२७ ऑक्टोबर

जनेल वर स्वयंपाकघरात होती. मी कपड्यांच्या खोलीत गेलो. खुर्ची बघायला गेलो होतो.

त्या खोलीत खुर्ची नाही. कधीच नव्हती. शिवणाचे तुकडे ठेवायची पेटी आहे, तिच्यामागे गोळी उपसायचा हातोडा होता, आणि फरशीला तिथे ठोकून ठोकून खळगा पडलाय. शेजारी बरणी, तोंडापर्यंत उपसलेल्या गोळ्यांनी भरलेली. वरच्या फळीवर दांडीचा काटा, सासऱ्याचा, मी झिजला म्हणून काढून टाकलेला. फडक्याने झाकून ठेवला होता तिने.

फडकं काढलं. टेबलावरून पितळी वजन आणून पारड्यात ठेवलं. दांडी हलली, थोडी डोलली आणि बरोबर रेघेवर येऊन थांबली. मी वजन काढलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा रेघेवर. काट्याला काही झालेलं नव्हतं.

म्हणजे मी दिवसभर भरायचो आणि झोपलो की ती माझी उपसायची. ह्याच जुन्या काट्यावर परत तोलून भरायची, ठिपका लावायची आणि माझ्या डब्यात ठेवायची. नाण्याखालच्या गोळ्या तिच्या होत्या. पाय तिचा आणि पहिला नंबरही तिचाच. साखरेतलं वजन मी ठेवलं होतं, आणि दुकानाने दुसरं प्रेस चुकून पाठवलेलं नव्हतं. ह्या वयात त्या हाताने, दुखऱ्या, रोज हातोडा मारायची बाई. आणि मी वर झोपलेलो. मलम चोळून दिलं म्हणे.

जनेल दारात येऊन उभी होती. मी विचारलं, "मला सांगायचं तरी ना तिने."

"सांगितलं असतं तर तुम्ही खाली आला असतात का परत?"

नसतो आलो. ज्याचा काटा चुकतो त्याने तोलू नये, हे मीच कोठीवर नव्या माणसांना सांगायचो.

२ नोव्हेंबर

फळीवर आर्डिसचा एक डबा शिल्लक होता, बारीक गोल ठिपक्यांचा. ड्वेनने नळीतली गोळी काढून दिली, काही विचारलं नाही. तो बहुतेक कधीचाच ओळखून होता. काल जनेल त्याच टेकाडावर त्याच डब्यातलं काडतूस घेऊन गेली. एका गोळीत नर पडला, जागच्या जागी. तिच्या आईने आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती.

प्रेस आणि साचे जनेल घेऊन जाणार आहे. दांडीचा काटाही. इलेक्ट्रॉनिक मी ड्वेनला दिला, तो म्हणाला, "आता मी अंगणाला नावं ठेवू का?" आणि मग डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात जनेल मला डॉक्टरकडे नेणार आहे. जाईन म्हटलंय. आर्डिसने दोनदा वेळ घेतली होती, मी दोन्ही वेळा विसरलो होतो. की विसरलो असं म्हणालो होतो, ते आता आठवत नाही.

आज माझी सगळी काडतुसं उपसली, ओघळलेल्या ठिपक्यांची. तिच्याच खोलीत, तिच्याच खळग्यावर. ठक-ठक. जनेल वरून ऐकत होती, खाली आली नाही. आणखी दोन निघाली कोरडी, आत बारुदाचा कणही नाही. ती खिशात घातली. पुन्हा कधी मला वाटलं, की दोष हत्याराचा, तर बघायला.

उपसलेलं बारूद डब्यात परत घालायचं नसतं. वाडग्यात घेतलं आणि रुबार्बच्या वाफ्याकडे गेलो. पानं गळून गेलीत, नुसती माती उघडी पडलीय. ओतायला खाली वाकलो तर माती आधीच करडी दिसली. हाताने उकरली. खालीही तेच, बारीक बारीक दाणे, मुळांपर्यंत. महिनोन्‌महिने टाकलेले. ती गेली त्या सकाळीही तिच्या हातात वाडगं होतं. मीच उचलून घरात आणलं होतं, धुऊन जागेवर ठेवलं होतं.

माझं बारूद तिच्या बारुदावर ओतलं आणि मातीत मिसळून टाकलं. जनेल शोधत आली तोवर तिथेच बसून होतो. तिने विचारलं, "बाबा, काय करताय?"

म्हटलं, तुझ्या आईला मदत करतोय.